तोंडात तीळ

आईच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे सगळ्या तेली गल्लीला ठाऊक होतं.
बापूंच्या तोंडात रोज सकाळी तेल असे, हे फक्त घरात.

पारोळ्यात एक्स्पेलर आला, बैल विकला,
तरी स्वतःपुरतं तेल ते जुन्या लाकडी घाण्यावरच काढायचे,
काळ्या तिळाचं, न गाळलेलं.
एक चमचा. गाल फुगलेले. पाव तास.
हिरड्यांसाठी, म्हणायचे, हलणाऱ्या दातांसाठी,
घशाला कोरड पडू नये म्हणून.
म्हणायचे म्हणजे नंतर.
त्या पाव तासात काही म्हणणं शक्यच नव्हतं.

आणि आई नेमकी तेव्हाच बोलायची.
ढेप उधारीवर नेलेल्या भिलाजीचं,
नणंदेनं परत न केलेल्या पातेल्याचं,
धाकट्या निंबाच्या रोज ओल्या होणाऱ्या गोधडीचं:
"त्याले काया तीय देस मी, गूयसंगे. तरी तेच."
बापू भुवयांनी उत्तर द्यायचे.
एक भुवई: बघू.
दोन भुवया: नाही.
मग कडुनिंबाच्या बुडाशी पांढरं, पातळ झालेलं तेल थुंकलं
की बोलणी संपली.

एका सकाळी ती म्हणाली, पोरीला धुळ्याला फार्मसीला घालायचंय.
दोन्ही भुवया वर गेल्या,
तिथंच अडकल्या,
आणि बापूंनी तेल गिळलं.
दिवसभर त्यांचं पोट बिघडलेलं.
मला प्रवेश मिळाला.

आता मी सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसते.
लोहाच्या गोळ्या मोजते,
बाळंतिणींना तिळाची चटणी सांगते,
गोळीऐवजी नव्हे, गोळीसोबत.
रात्री मोबाइलवर सेसमिनचे निबंध वाचते:
रक्तदाब किंचित उतरला, नमुना लहान, आणखी अभ्यास हवा.
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा आणला,
ओठ सुजलेले, अंगभर गांधी, मुठीत अर्धी चिक्की.
डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.
मी त्याच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं: तीळ वर्ज्य.
लिहिताना हात जरा थांबला.
तेल्याची पोर मी.
घरी सांगितलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बापूंची उजवी बाजू गेली.
वाचा गेली.
अशा झटक्यात कपाळ वाचतं, डॉक्टर म्हणाले, भुवया हलतील.
"कपाय वाचनं म्हने," आई मला म्हणाली,
आणि हसली की काय ते मला कळलं नाही.
मालिश करा, ते म्हणाले, सांधे आखडायला नकोत,
पण गोळी चुकवू नका,
आणि तेलानं शब्द परत येतील असं समजू नका.

आई तेल कोमट करते, मनगटावर थेंब टाकून बघते.
बोटांपासून खांद्याकडे, तळव्यापासून मांडीकडे.
कातडी तेल पिते. हात काही सांगत नाही.
ती भिलाजीचं बोलते, पातेल्याचं बोलते,
(नणंद वारून सहा वर्षं झाली)
भुवया दोन्ही एकदम उठतात,
सगळ्यालाच: नाही.

परवा चहा घेऊन गेले तर
वाटी खाटेच्या पायाशी, चमचा बाजूला लवंडलेला,
आणि गाल आईचे फुगलेले.
गप्प.
एसटीत रुमाल टाकून जागा धरतात
तशी तिनं ती शांतता धरून ठेवलेली,
दुसऱ्या कुणासाठी.

मी चहा घेऊन उभीच.
साय आली, निवला.
बारा मिनिटं काही नाही.
मग बापूंचे ओठ डावीकडे ओढले गेले
आणि
"ती,
ती
य."

यातला ळ झटक्यानं नेला,
की आमच्या बोलीत तो कधी नव्हताच,
हे फार्मसीत शिकवत नाहीत.
मी आईकडे पाहिलं.
तिचं तोंड भरलेलं.
तिनं एक भुवई वर केली.